साहेबांचे ओटे

दिवाळी अंकासाठी लिहायचे म्हणजे काहीतरी खमंग लिहावे, असा संपादकांचा दरवर्षीचा आग्रह असतो. वर्षभर या सदरातून मी आमच्या रत्नागिरीचा पाऊस, आमचे फणस आणि आमच्या कॉलेजातली मंडळी यांच्याविषयी लिहितो आणि वाचक ते गोड मानून घेतात. या खेपेस मात्र मला एक कबुली द्यायची आहे आणि ती काही खमंग नाही. पण आमच्या कोकणात नरकचतुर्दशीला फराळाला बसण्यापूर्वी पायाखाली कारिट फोडतात आणि त्याचा कडू रस जिभेला लावतात. मगच करंजीला हात लावायचा. हे माझे कारिट समजा.

गोष्ट दोन वर्षांपूर्वीची. आमच्या कॉलेजात एक तरुण सहकारी फिजिक्स शिकवतात. त्यांना मी येथे नुसते फिजिक्सचे सर म्हणतो. त्यांच्या खात्यात कागदोपत्री दोन जागा आहेत. त्यांतली एक रिकामी असून तिथे तासिका तत्त्वावर कोणीतरी येते आणि दुसरीकडे कायमची नोकरी लागली की निघून जाते. प्रयोगशाळेत काचेचे एक कपाट आहे. त्यात गावच्या एका सद्गृहस्थांनी पुष्कळ वर्षांपूर्वी दिलेली दुर्बीण आहे. कपाटावर देणगीदारांच्या नावाची पितळी पाटी असून ती शिपाई दर दसऱ्याला चिंच लावून घासतो. पाटी लखलखीत आहे. आमच्या दमट हवेने दुर्बिणीच्या भिंगांवर मात्र बुरशी धरली आहे.

तर त्या वर्षीच्या ऑगस्टात सरांनी प्राचार्यांकडे एक अर्ज दिला. पुण्याला ‘आयुका’ म्हणून खगोलशास्त्राची मोठी संस्था आहे. तिथे डिसेंबरात चार आठवडे राहून काम करण्याची त्यांना संधी मिळत होती. जाण्यायेण्याचा आणि राहण्याचा खर्च ती संस्थाच करणार होती. कॉलेजने फक्त रजा द्यायची होती. अर्ज वेळापत्रक समितीपुढे आला. त्या समितीचा प्रमुख कोण, हे सांगायला नकोच.

“सर,” मी म्हणालो, “चंद्रसूर्य काही पळून जात नाहीत. अभ्यासक्रम मात्र पळतो आहे.”

सगळे हसले. फिजिक्सचे सरही हसले. अर्ज फायलीत गेला, चहा आला आणि आपण प्रसंग हसतखेळत निभावला, असे मला वाटले. मराठीच्या प्राध्यापकाला कोटी साधली की आपण न्यायनिवाडाही साधला, असे वाटण्याची खोड असते.

पुढे पाऊस ओसरल्यावर वाङ्मय मंडळाची सहल घेऊन मी विजयदुर्गाला गेलो. हा किल्ला आता सिंधुदुर्गात मोडतो, परंतु १९८१ पर्यंत तो रत्नागिरी जिल्ह्यातच होता, त्यामुळे आम्हाला तो अजून घरचाच वाटतो. आंग्र्यांच्या आरमाराविषयी मी मुलांना यथाशक्ति सांगितले. मग आम्ही त्या सुप्रसिद्ध ओट्यांपाशी आलो. त्यांना ‘साहेबांचे ओटे’ म्हणतात. हेलियम वायूचा शोध याच ओट्यांवर लागला, असे आमच्याकडे मोठ्या अभिमानाने सांगितले जाते. खरा इतिहास थोडा निराळा आहे. १८६८ च्या ऑगस्टातील खग्रास ग्रहणात जान्सेन या फ्रेंच शास्त्रज्ञाने आंध्रातील गुंटूरहून सूर्याच्या कडेवरील ज्वाळांच्या प्रकाशाचे पृथक्करण केले. त्याच वर्षी ऑक्टोबरात नॉर्मन लॉकियर यांनी इंग्लंडात बसून, ग्रहण नसतानाही, त्या प्रकाशात एक पिवळी रेषा पाहिली. ती पृथ्वीवर माहीत असलेल्या कोणत्याच मूलद्रव्याची नव्हती. त्यातून पुढे हेलियम हे नाव आले. विजयदुर्गाला लॉकियरसाहेब आले ते तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. ‘मेल्पोमिनी’ नावाच्या युद्धनौकेवरील अधिकारी आणि खलाशी त्यांच्या मदतीला होते. साहेबांनी त्यांना यंत्रे कशी धरायची, कोणी केव्हा काय करायचे, याची कवायत करून घेतली होती. भर दुपारी जेमतेम दोन मिनिटे अंधार झाला, काम झाले आणि मंडळी सामानासह परत गेली.

हे सांगून झाल्यावर प्रथम वर्षातली एक मुलगी पुढे आली. मराठी हा तिचा एक विषय. बाकी ती विज्ञान शाखेची. वडील कोणाच्या तरी कलमांच्या बागेत राखणीला असतात. ती म्हणाली,

“सर, साहेबांनी इकडच्या कोणाला काही शिकवलं का?”

“ते मला ठाऊक नाही गं,” मी म्हणालो.

“म्हणजे ओटेच ठेवून गेले,” ती म्हणाली आणि सागराकडे बघत उभी राहिली.

तिने ते टोचून म्हटले नव्हते. पण परतीच्या एस्.टी.त मला राजापूरपर्यंत डुलकी लागली नाही, एवढे खरे.

घरी आल्यावर मी शोधाशोध सुरू केली. मराठीच्या माणसाला आकाशाची वाटही पुस्तकांच्या कपाटातूनच सापडते. माझ्याकडे शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास’ आहे. मराठी गद्याचा नमुना म्हणून त्यातला उतारा मी वर्गात वाचून दाखवतो. ज्योतिष म्हणजे येथे पत्रिका नव्हे, आकाशातील ग्रहताऱ्यांचे गणित. हे दीक्षित आमचेच. दापोली तालुक्यातल्या मुरुडचे. जन्म १८५३ चा. शिक्षण मॅट्रिकपर्यंत, पेशा शिक्षकाचा. ना वेधशाळा, ना मोठे ग्रंथालय, ना पदवी. तरीही १८९६ साली त्यांचा हा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि पुढे भारत सरकारला त्याचे इंग्रजी भाषांतर करून घ्यावेसे वाटले.

हा माणूस एवढे कसे करू शकला? बुद्धी आणि चिकाटी ही तर होतीच. पण आणखीही एक गोष्ट होती. फ्लीट नावाचे शिलालेखांचे एक थोर अभ्यासक मुंबई इलाख्यात सनदी अधिकारी होते. गुप्त राजांच्या शिलालेखांतील तिथी कोणत्या इंग्रजी तारखांना येतात, हे त्यांना हवे होते. ते गणित दीक्षितांनी करून दिले आणि १८८८ साली निघालेल्या फ्लीटसाहेबांच्या ग्रंथात ते आले. पुढे मद्रासकडील रॉबर्ट सेवेल यांच्याबरोबर दीक्षितांनी भारतीय पंचांगावर इंग्रजीत पुस्तक लिहिले. त्यावर दोघांचीही नावे आहेत. दक्षिणा प्राइज कमिटीने दीक्षितांच्या इतिहासाला पारितोषिक दिले. म्हणजे पाहा : शाळामास्तराला प्रश्न विचारणारा माणूस मिळाला, त्याचे उत्तर तपासणारा मिळाला आणि थोडे पैसेही मिळाले. दीक्षित वारले ते १८९८ साली; लॉकियरसाहेब विजयदुर्गाला येऊन गेल्यानंतर अवघ्या तीन महिन्यांनी.

आता याच्या उलट गोष्ट. त्याच १८९८ च्या ग्रहणाचे वेध सोलापूरकडच्या जेऊरला आपल्याच एका प्राध्यापकाने घेतले. त्यांचे नाव कावसजी दादाभाई नायगमवाला. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये ते शिकवत. भावनगरचे महाराज तख्तसिंगजी यांनी पाच हजार रुपये दिले, सरकारने तेवढीच भर घातली आणि त्या कॉलेजात वेधशाळा उभी राहिली. डब्लिनच्या ग्रब कंपनीने घडवलेली वीस इंची दुर्बीण तिथे आली. त्या काळी हिंदुस्थानात एवढी मोठी दुर्बीण दुसरी नव्हती. नायगमवालांनी तिच्यावर मनापासून काम केले. १९१२ साली ते निवृत्त झाले आणि वेधशाळा बंद झाली. यंत्रे कोडाईकनालला रवाना झाली. पैसा होता, यंत्र होते, विद्वान होता. पण ते सारे एका माणसाच्या खांद्यावर उभे होते. तो खांदा निघाला आणि पुण्याच्या कॉलेजात उरली ती आठवण.

हे वाचल्यावर मला आमच्या प्रयोगशाळेतली ती पितळी पाटी दिसू लागली.

पुण्याला १९८८ साली विद्यापीठ अनुदान मंडळाने आयुका स्थापन केली, ती ही चूक पुन्हा होऊ नये म्हणूनच की काय, असे वाटते. जयंत नारळीकर तिचे पहिले संचालक. कोल्हापूरला जन्मलेले, बनारसला वाढलेले, केंब्रिजला नाव मिळवून १९७२ साली परत आलेले हे गृहस्थ मराठी वाचकांना विज्ञानकथांमुळे ठाऊक आहेत. त्यांच्या ‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्राला २०१४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. २० मे २०२५ रोजी ते गेले, तेव्हा आमच्या मराठी विभागातही हळहळ झाली. आयुकामागची कल्पना साधी आहे. प्रत्येक कॉलेजला वेधशाळा आणि ग्रंथालय देणे परवडणार नाही. मग ते सगळे एका ठिकाणी उभारावे आणि साऱ्या देशातल्या शिक्षकांना तिथे हक्काने येऊ द्यावे. निवडलेल्या शिक्षकांना तीन वर्षांसाठी सहयोगी करून घेतात. सुट्टीत यावे, राहावे, तिथल्या शास्त्रज्ञांबरोबर काम करावे आणि आपल्या वर्गात परत जावे. ‘परत जावे’ हे महत्त्वाचे. नाहीतर आमच्या मुलुखातून पुण्यामुंबईला गेलेला माणूस गणपतीलाच उगवतो.

याचा उपयोग होतो का? २०१७ सालचे उदाहरण सांगतो. आपल्यापासून सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षे दूर असलेला दीर्घिकांचा एक अतिप्रचंड समूह भारतीय शास्त्रज्ञांनी शोधला आणि त्याला ‘सरस्वती’ नाव दिले. त्याचा विस्तार सुमारे ६० कोटी प्रकाशवर्षांचा. शोध लावणाऱ्यांत आयुकाचे शास्त्रज्ञ होते, पुण्याच्या आयसर संस्थेतले होते आणि त्यांच्याबरोबर केरळातील तोडुपुळा या गावच्या न्यूमन कॉलेजातले एक प्राध्यापकही होते. तोडुपुळा हे काही मोठे शहर नव्हे. तिथेही रबराच्या आणि मिऱ्यांच्या बागा आहेत आणि पाऊस आमच्यासारखाच बदाबदा पडतो. म्हणजे रत्नागिरीला न जमण्यासारखे त्यात काही नाही.

शिवाय आजचे आकाश पूर्वीसारखे उंचावर राहिलेले नाही. २८ सप्टेंबर २०१५ रोजी इस्रोने ‘अॅस्ट्रोसॅट’ ही अवकाशातली वेधशाळा सोडली. तिने टिपलेली निरीक्षणे २०१८ साली सर्वांसाठी खुली झाली. ज्याच्याकडे संगणक आहे त्याने ती घ्यावी, पैसा पडत नाही. विद्यापीठांतल्या संशोधनाला पैसा देण्यासाठी इस्रोची ‘रिस्पॉन्ड’ नावाची योजनाही आहे. दार उघडे आहे. पण पैसे मागायलाही आधी प्रश्न हाताशी लागतो आणि प्रश्न सुचायला जाणत्यांची संगत लागते. चार आठवडे पुण्याला जाऊन फिजिक्सच्या सरांना तीच संगत हवी होती. आणि मी कोटी केली होती.

एका संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. ते मुलीला पाढे म्हणायला लावत होते. वहिनींनी चहा ठेवला. मी म्हटले, “सर, तो अर्ज अजून जिवंत आहे का?”

“पुण्याची मुदत आहे अजून आठवडाभर,” ते म्हणाले. “पण जाऊ द्या हो सर. मीच विसरायला लागलो होतो.”

हे वाक्य मला फार लागले. रागावले असते तर बरे वाटले असते. पस्तिशीच्या आतला हुशार माणूस ‘विसरायला लागलो’ म्हणतो, तेव्हा कॉलेजचे किती नुकसान झालेले असते, ते कोणत्याच हिशेबात येत नाही.

आम्ही दोघांनी कागदावर रेघा मारल्या. फिजिक्सचे तास काही मला घेता येत नाहीत. गुरुत्वाकर्षणाविषयी मला एवढेच ठाऊक आहे, की नारळाखाली उभे राहू नये. परंतु माझे तास मला देता येत होते. नोव्हेंबरातले माझे सगळे तास मी त्यांना दिले, त्यांनी आपला भाग आधी संपवला आणि डिसेंबरात त्यांचे तास मी मराठीसाठी घेतले. इंग्रजीच्या बाईंनी आपणहून आठवड्याचे दोन तास दिले. प्राचार्य म्हणाले, “एवढे सोपे होते, तर ऑगस्टात का नाही सांगितलेत?” मी मान खाली घातली.

सर गेले आणि ठरल्या दिवशी परत आले. स्टाफरूममधल्या मंडळींना वाटले होते, निदान एखादी नवी दुर्बीण तरी बरोबर आणतील. त्यांनी आणली एक भरलेली वही आणि तिथल्या एका शास्त्रज्ञबाईंचे आश्वासन : “मुलांनी काम केले की माझ्याकडे पाठवा. मी बघेन.”

एवढ्यावर जूनपासून दर शनिवारी दुपारी आमच्या संगणकाच्या खोलीत पाच मुले बसू लागली. आमच्याकडे पावसाचे चार महिने आकाशच नसते. बाहेर कौलांवर धो धो पाऊस आणि आत ही मुले हंस तारकासमूहातल्या एका क्ष-किरण स्रोताच्या तेजाचे आलेख काढताहेत! त्या प्रकाशाला ढगांची अडचण नव्हती. तो वर अॅस्ट्रोसॅटने केव्हाच टिपून ठेवला होता. वीज गेली की मुले वहीवर आकडे लिहीत आणि वीज आली की पुन्हा यंत्रापुढे बसत. त्या पाचांत विजयदुर्गावर प्रश्न विचारणारी ती मुलगी होती.

श्रावणात तिचा पहिला आलेख पुण्याला गेला. आठ दिवसांनी उत्तर आले. फिजिक्सचे सर ते कागदावर उतरवून घेऊन धावतच स्टाफरूममध्ये आले. बाईंनी लिहिले होते, की तिसऱ्या भागात पार्श्वभूमीचे आकडे वजा करायचे राहिले आहेत. त्यामुळे शेवटचा उंचवटा खोटा आहे. पुन्हा करून पाठवावे. सर हे वाचून दाखवत होते आणि ती मुलगी दाराशी उभी होती. तिचा चेहरा उतरलेला असेल म्हणून मी पाहिले, तर ती हसत होती.

“सर, त्यांनी खरंच सगळा बघितला,” ती म्हणाली.

मी बावीस वर्षे मुलांचे निबंध तपासतो आहे. लाल शाईने मुलांचे मन दुखावते, अशी माझी समजूत होती. त्या दिवशी मला कळले, की आपली चूक कोणी काढलीच नाही, हे दुःख त्याहून मोठे असते. लहान गावातल्या हुशार मुलाला शाबासकीची वाण नसते. शाबासकी आम्ही सगळेच देतो, सत्कारही करतो, शाल आणि नारळ तयारच असतो. ज्याला खरोखर कळते असा माणूस आपले काम ओळीओळीने पाहतो आणि ‘येथे चुकले, पुन्हा कर’ म्हणतो, ही गोष्ट मात्र त्याच्या वाट्याला येत नाही. दीक्षितांना ती मिळाली. आमच्या या मुलीला मिळू लागली आहे. तिने आलेख तीनदा केला. तिसऱ्या खेपेला उत्तर आले, ‘आता पुढचा घ्या.’ एवढेच.

पुढचे मला ठाऊक नाही. ती एम्.एस्सी.ला जाईल, की घरची मंडळी तिला बँकेच्या परीक्षेला बसवतील, हे अजून ठरायचे आहे. वडिलांशी एकदा बोलायला फिजिक्सचे सर आणि मी जाणार आहोत. सरांनाही दरवर्षी चार आठवडे लागणार. दर वेळी तास उधार-उसनवारीवर चालत नाहीत. त्या काळात कोणाला तरी मानधन देऊन बोलवावे लागेल आणि ते पैसे कोणत्याच खात्यात बसत नाहीत. लोक दुर्बीण आनंदाने देतात. दुर्बिणीवर नावाची पाटी लावता येते. चार आठवड्यांच्या तासांना पाटी कोठे लावणार?

पण आपल्यात असे देणारेही झाले आहेत. आयुकाच्या आवारात मुलांसाठी विज्ञान शोधिका आहे. पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून तिची वास्तू उभी राहिली आणि सुनीताबाईंनी त्यात लक्ष घातले. त्या आमच्या रत्नागिरीच्या लेक. वास्तूचे नाव ‘पुलस्त्य’. सप्तर्षींतल्या एका ताऱ्याचे. त्यात ‘पुल’ आपोआपच आले, हा योगायोग पुलंना नक्की आवडला असता. तिथे अरविंद गुप्तांनी २००३ पासून अकरा वर्षे काड्यापेटीच्या काड्या आणि टाकाऊ वस्तू यांतून मुलांना विज्ञान शिकवले. म्हणजे देणगी नुसत्या भिंतींत राहिली नाही. तिला माणूस मिळाला.

म्हणून दिवाळीच्या निमित्ताने एक विनंती. वाचकांपैकी पुष्कळजण आपापल्या जुन्या शाळा-कॉलेजांना काही ना काही देत असतील. या खेपेस देण्यापूर्वी तिथल्या एखाद्या तरुण शिक्षकाला विचारा, “तुम्हाला कोठे जायचे आहे? तुम्ही गेलात तर मागे तुमचे तास कोण घेईल?” त्याचे उत्तर ऐका आणि मग पाकिटाला हात घाला. आणि तुम्ही माझ्यासारखे वेळापत्रक लावणारे असाल, तर पैशाचीही गरज नाही. कोटी करण्यापूर्वी अर्ज पुन्हा एकदा वाचा, एवढे पुरे.

आमच्या कपाटातली दुर्बीण या सुट्टीत सर आणि मुले मिळून साफ करणार आहेत. बुरशी निघाली तर उत्तमच. पितळी पाटी मात्र आता आम्ही तशीच ठेवणार आहोत. शिपायाला सांगितले आहे, या दसऱ्याला चिंच वाचली, ती आमटीत घाल.